लाईट येते, डॅक उठत नाही

यूएसबी डॅक (डीएक्यू, म्हणजे डेटा ॲक्विझिशन) दिसायला अगदी किरकोळ. तळहातावर मावेल अशी प्लॅस्टिकची डबी, दोन्ही कडांना स्क्रू टर्मिनलच्या रांगा, एका टोकाला यूएसबीचं चौकोनी तोंड आणि शेजारी एक एलईडी. सेन्सरकडून येणारं व्होल्टेज घ्यायचं, त्याचा आकडा करायचा आणि तो संगणकाकडे पाठवायचा, एवढंच तिचं काम. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर असल्या डबीला कामाची वाण नाही. जेटीच्या खांबाला बांधलेला भरती-ओहोटीचा प्रेशर सेन्सर, कोळंबीच्या तळ्यातला ऑक्सिजन प्रोब, काजूच्या ड्रायरचं तापमान, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या अढीतली ऊब. यातलं कुठलंच काम एसी लॅबमध्ये होत नाही. ते पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर पंपाच्या खोलीत होतं.

तिथे संगणक म्हणून असतो एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा एका पट्टीवरचा छोटा संगणक, आणि त्यावर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली. परवान्याचे पैसे पडत नाहीत, जुन्या हार्डवेअरवर चालतं, आणि पडद्याशिवाय, कीबोर्डशिवाय महिनोन्‌महिने सुरू ठेवता येतं. निवड रास्तच आहे. अडचण वेगळीच. डबीचा दिवा लागला, पहिला आकडा पडद्यावर उमटला, की ड्रायव्हर, म्हणजे डबी आणि संगणक यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, बसला असं धरून माणसं आवराआवर करतात. पण ती फक्त सुरुवात असते. जुलैच्या रात्री लाईट जाते, दोन तासांनी येते, शेडमध्ये चिटपाखरू नसतं. त्या वेळी कुणाचाही हात न लागता नोंद पुन्हा सुरू झाली, तरच तो ड्रायव्हर बसला म्हणायचं. पुढचं सगळं या एका कसोटीला धरून आहे.

म्हणून पहिला निर्णय डबी विकत घेण्याआधीचा. लिनक्सवर डॅकचा ड्रायव्हर साधारण तीन ठिकाणी राहतो. पहिली जागा खुद्द कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात. कॉमेडी नावाचा डॅक ड्रायव्हरांचा जुना संच कर्नेलच्या स्टेजिंग या कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात वर्षानुवर्षं पडून होता. २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीत तो तिथून बाहेर, मुख्य ड्रायव्हरांच्या रांगेत आला. त्यात भरणा संगणकाच्या पोटात बसणाऱ्या पीसीआय कार्डांचा आहे. यूएसबी-डक्ससारखी मोजकी यूएसबी उपकरणंच त्यात सापडतात. दुसरी जागा कर्नेलच्या बाहेर, लिबयूएसबी या सर्वसाधारण लायब्ररीच्या खांद्यावर. मेझरमेंट कॉम्प्युटिंगची यूएलडॅक लायब्ररी आणि लॅबजॅकचा एक्सोड्रायव्हर या जातीतले. तिसरी जागा म्हणजे कंपनीने स्वतः दिलेलं कर्नेल मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला बाहेरून जोडायचा तुकडा. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं डीएक्यूएमएक्स या प्रकारचं. ते ठरावीक उबुंटू, रेड हॅट आणि ओपनसुसे आवृत्त्यांवर, ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरच चालतं. रास्पबेरी पायवर ते बसत नाही.

किनाऱ्यावरच्या बिनदेखरेखीच्या कामाला दुसरी जात सर्वांत सोयीची. तिचा सोर्स हाती असतो, पायवर जिथल्या तिथे बांधून घेता येतो, आणि कर्नेल बदललं तरी तिला सहसा फरक पडत नाही, कारण ती कर्नेलच्या आत शिरतच नाही. विक्रेत्याच्या पानावर ‘लिनक्स सपोर्टेड’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नये. सोर्स मिळतो का, पायमध्ये असतो तशा एआरएम प्रोसेसरवर चालतं का, आणि शेवटची आवृत्ती कधीची आहे, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. नुसती तयार बायनरी मिळत असेल तर एक दिवस ‘राँग ईएलएफ क्लास’ असा शेरा मारून ती हात वर करते. मग फाईल ३२-बिटची आणि सिस्टीम ६४-बिटची, असा तो तंटा असतो, आणि सोर्स नसेल तर त्यावर इलाज नाही.

आता डबी हातात आली. ती जोडण्याआधी टर्मिनलमध्ये डीमेसेज ही कर्नेलचा लॉग दाखवणारी कमांड सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), चालू राहण्याच्या पर्यायासह उघडी ठेवावी आणि मग केबल खोचावी. कर्नेल काय म्हणतं ते त्याच क्षणी दिसतं. पुष्कळ जण हे सोडून थेट सॉफ्टवेअर उघडतात आणि ‘डिव्हाइस सापडलं नाही’ या वाक्याशी झटत बसतात. त्या वाक्याची कारणं डझनभर असू शकतात. कर्नेलचा लॉग मात्र नेमकं बोलतो.

लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही, तर ड्रायव्हरचा विचारही करू नये. केबल बदलावी. मोबाईलच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलींत फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. डबीचा दिवा लागतो आणि माणूस फसतो. ‘डिस्क्रिप्टर रीड’ असं म्हणून पुढे उणे ७१ आलं, तर संवाद सुरू झाला पण बिघडला. उणे ११० आलं, तर समोरून वेळेत उत्तरच आलं नाही. दोन्हींत संशयित तेच: सैल किंवा गंजलेला कनेक्टर, लांब केबल, अपुरी वीज. यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. शेडपासून तळ्यापर्यंतचं अंतर सेन्सरच्या तारेने कापावं, यूएसबीच्या नव्हे.

खाऱ्या वाऱ्यात कनेक्टरचे पितळी-सोनेरी पट्टे एका पावसाळ्यात हिरवट होतात. टॉर्च मारून तोंडात पाहिलं की दिसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते साफ होतात, पण एकदा मुलामा गेला की गंज पुन्हा धरतो. तेव्हा केबल टाकून द्यावी, फार महाग नसते. डबी ज्या पेटीत ठेवायची तिच्यात केबल खालच्या बाजूने, ग्लँडमधून (केबलला घट्ट धरणाऱ्या तोंडातून) आत घ्यावी आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ ठेवावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून ठिबकतं, पेटीत उतरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या भाजून कोरड्या करण्याचं कामही कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवावं. नाहीतर ऑगस्टपर्यंत त्या नुसत्या शोभेच्या.

लॉगमध्ये व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक नीट आले, म्हणजे कर्नेलने डबीला ओळखलं. एलएसयूएसबी ही कमांड हेच दोन क्रमांक एका ओळीत देते. मेझरमेंट कॉम्प्युटिंगचा व्हेंडर क्रमांक ०९डीबी, लॅबजॅकचा ०सीडी५, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा ३९२३. काही डब्यांचा क्रमांक जोडल्यानंतर क्षणभरात बदलतो. त्यांच्या पोटात सायप्रस कंपनीची एफएक्स२ चिप असते. तिला स्वतःचं फर्मवेअर नसतं, ते संगणकाने दर वेळी पाठवायचं असतं. फर्मवेअर मिळेपर्यंत एक क्रमांक, मिळाल्यावर दुसरा. फर्मवेअरची फाईल जागेवर नसेल तर डबी पहिल्या क्रमांकावरच अडते, आणि लायब्ररी मात्र दुसऱ्या क्रमांकाची वाट पाहत बसते.

यानंतर येतो परवानगीचा मुद्दा. लिनक्सवर ‘ड्रायव्हर चालत नाही’ म्हणून जेवढं डोकं खाल्लं जातं, त्यातला मोठा वाटा प्रत्यक्षात परवानगीचा असतो. लिबयूएसबी उणे ३ परत देते, त्याचा अर्थ ‘डबी दिसते, पण तुला हात लावता येणार नाही’. सुडो लावून तोच प्रोग्रॅम चालवला की चालतो. हे कळणं म्हणजे निदान झालं, उपचार नव्हे. पुढे सगळं सुडोनेच चालवत राहिलं तर डेटाच्या फाईली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या मालकीच्या होतात, दुसऱ्या दिवशी साध्या खात्यातून उघडतात पण लिहिल्या जात नाहीत, आणि गोंधळ वाढतच जातो.

उपचार म्हणजे यूडेव्हचा नियम. यूडेव्ह ही जोडलेल्या उपकरणांना नावं आणि परवानग्या देणारी लिनक्सची व्यवस्था. ईटीसीखालच्या यूडेव्हच्या रूल्स-डी फोल्डरमध्ये एक छोटी मजकूर फाईल करायची. तिच्यात एकच ओळ: सबसिस्टम यूएसबी असेल आणि व्हेंडर ०९डीबी असेल, तर मोड ०६६० (मालक आणि ग्रुप, दोघांना वाचता-लिहिता येतं) आणि ग्रुप प्लगडेव्ह. यूएलडॅक आणि एक्सोड्रायव्हर बसवताना त्यांची नियमांची फाईल आपोआप तिथे पडते, पण ओळ स्वतः लिहायची वेळ कधी ना कधी येतेच. ती दिसायला सोपी आहे आणि चुका ठरलेल्या आहेत. ‘असेल’ या भागात बरोबरचं चिन्ह दोनदा लागतं, कारण तिथे तुलना आहे. ‘तर’ या भागात एकदाच, कारण तिथे नेमणूक आहे. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं की नियम निकामी, आणि तक्रार पडद्यावर येत नाही, सिस्टीमच्या लॉगमध्ये जाते. व्हेंडर क्रमांकातली अक्षरं छोट्या लिपीत लिहायची, कारण कर्नेल ती तशीच सांगतं. मोठी अक्षरं लिहिली तर तुलना जुळत नाही. यूडेव्ह-ॲडमची माहिती देणारी कमांड डबीपासून वरच्या हबपर्यंत एकेका उपकरणाची यादी देते. त्यातले गुणधर्म उचलताना दोन वेगवेगळ्या पालक-उपकरणांतले एका नियमात कालवू नयेत. असा नियम कधीच लागू होत नाही.

नियम लिहून झाला की यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगायचं आणि डबी काढून परत खोचायची. खात्याला नव्या ग्रुपमध्ये घातलं असेल तर लॉगआउट करून पुन्हा आत यावं लागतं. चालू सत्राला नवा ग्रुप कळत नाही. फेडोरावर प्लगडेव्ह हा ग्रुप मुळात नसतो. तिथे तो आधी तयार करावा, नाहीतर अनोळखी ग्रुपचं नाव पाहून यूडेव्ह तेवढा भाग सोडून देतं.

एक बारकावा शेडमधल्या संगणकासाठी फार महत्त्वाचा. हल्लीच्या सूचनांत ग्रुपऐवजी ‘यूॲक्सेस’ हा टॅग लावायला सांगतात. टेबलावरच्या लॅपटॉपला तो उत्तम, कारण जो माणूस पडद्यासमोर लॉगिन आहे त्याला आपोआप परवानगी मिळते. त्यासाठी फाईलच्या नावातला आकडा ७३ पेक्षा लहान हवा, हेही खरं. पण पडद्याशिवाय चालणाऱ्या पायवर, एसएसएचने लांबून आत शिरलेल्या माणसाला किंवा आपोआप सुरू झालेल्या सेवेला तो टॅग काही देत नाही. घरी तपासताना सगळं चालतं, शेडमध्ये नेल्यावर उणे ३. तिथे ग्रुपच हवा.

लायब्ररी बांधणं त्यामानाने किरकोळ काम. यूएलडॅकसाठी कंपायलर, मेक आणि लिबयूएसबी १.० ची डेव्हलपमेंट पॅकेजं बसवायची, गठ्ठा उलगडायचा, मग कॉन्फिगर, मेक आणि सुडोसह मेक इन्स्टॉल. ‘शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही’ असं आलं तर लायब्ररी बसलेली असते, फक्त यूएसआर-लोकलमधल्या तिच्या जागेची नोंद झालेली नसते. सुडोसह एलडीकॉन्फिग एकदा चालवलं की झालं. पायथन वापरायचं असेल तर डेबियन १२ पासून पिप हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन सरळ नकार देतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा, करायला लावतं. ते करावं, आणि पुढे सेवेच्या फाईलमध्ये त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्यावा. नुसतं ‘पायथन३’ लिहिलं तर सिस्टीमचं पायथन उठतं आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून रडतं. सोबतच्या उदाहरणांतला ॲनालॉग इनपुटचा छोटा प्रोग्रॅम साध्या खात्यातून चालला की हा टप्पा संपला.

स्वस्तातल्या, सिरीयल पोर्टचं सोंग घेणाऱ्या डब्यांची गोष्ट वेगळी. त्यांत सीएच३४० किंवा एफटीडीआयची चिप असते, ड्रायव्हर कर्नेलमध्ये तयारच असतो, आणि फक्त डायलआउट ग्रुप लागतो. तरीही उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ची डबी जोडली की पोर्ट क्षणभर दिसतं आणि गायब होतं. कारण बीआरएलटीटीवाय नावाची सेवा. ती अंधांसाठीच्या ब्रेल फलकांकरता आहे, आणि त्यातल्या काही फलकांचा क्रमांक याच चिपशी जुळतो, म्हणून ती पोर्ट आपल्याकडे ओढते. ब्रेल फलक वापरात नसेल तर ते पॅकेज काढून टाकावं. मोडेममॅनेजरही नव्या सिरीयल पोर्टला मोडेम समजून त्याच्याशी बोलून पाहतो, आणि डबीला पहिल्या काही सेकंदांत भलतीच अक्षरं मिळतात. पडद्याशिवाय चालणाऱ्या पायवर मोडेममॅनेजरची गरज बहुधा नसतेच. असल्या दोन डब्या एकाच संगणकाला असतील तर टीटीवाय-यूएसबी शून्य आणि एक ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात. तळ्याचा आकडा टाकीच्या रकान्यात जातो आणि दिवसेंदिवस कुणाला कळत नाही. सीएच३४० ला बहुतेक वेळा अनुक्रमांक नसतो, म्हणून आयडीवरून ओळखण्याचा भरवसा नाही. कुठल्या पोर्टात खोचली आहे त्यावरून, म्हणजे बाय-पाथच्या नावाने तिला हाक मारावी, आणि पोर्टांवर चिकटपट्टी लावून नावं लिहावीत.

कर्नेल मॉड्यूलवाली डबीच गळ्यात असेल, तर वीज आणि अपडेट यांची एक जोडगोळी समजून घ्यावी लागते. उबुंटू सुरक्षेची अपडेट आपोआप उतरवतं, त्यात नवं कर्नेलही येतं. पण नवं कर्नेल चालू होतं ते रीबूटनंतर. शेडमधला संगणक स्वतःहून कोण रीबूट करतंय? ते काम लाईट करते. महिन्याभरापूर्वी उतरलेलं कर्नेल त्या रात्री पहिल्यांदा चालतं, त्याच्यासाठी मॉड्यूल बांधलेलंच नसतं, आणि सकाळी सगळे म्हणतात की वीज गेल्यामुळे डॅक बिघडलं. डॅक धडधाकट असतं. डीकेएमएस हे साधन प्रत्येक नव्या कर्नेलसाठी मॉड्यूल आपोआप बांधतं, पण त्याला त्या कर्नेलच्या हेडर फाईली लागतात. म्हणून एका आवृत्तीची हेडर बसवून थांबू नये, ‘जेनेरिक’ नावाचं हेडरचं मेटापॅकेज बसवावं, म्हणजे कर्नेलबरोबर हेडरही येत राहतात. डेबियनवर त्याच्या नावात शेवटी एएमडी६४ असतं.

सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल चालू न देणारी सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर बांधलेलं मॉड्यूलही ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून नाकारलं जातं. मोकयुटिल या कमांडने आपली सहीची किल्ली नोंदवायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, आणि रीबूट होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती नोंदणी हाताने पक्की करायची. तो पडदा थोडाच वेळ थांबतो आणि एसएसएचवरून दिसत नाही. म्हणजे एवढ्या एका कामासाठी कुणीतरी कीबोर्ड घेऊन तिथे जायलाच हवं. हे घरी उरकून मगच संगणक जेटीवर न्यावा.

आता नोंद आपोआप सुरू करणारी सिस्टमडी सेवा. सिस्टमडी म्हणजे संगणक उठताना प्रोग्रॅम सुरू करणारी लिनक्सची व्यवस्था. पुन्हा सुरू करण्याचा पर्याय ‘ऑलवेज’ ठेवला की आपण निश्चिंत, असं वाटतं. पण मूळ मांडणीत दोन प्रयत्नांमधलं अंतर सेकंदाचा दहावा भाग आहे, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी कायमची हार मानतं. लाईट आल्यावर संगणक उठतो, सेवा सुरू होते, हब आणि डबी अजून जाग्या व्हायच्या असतात. पाचही प्रयत्न पापणी लवते न लवते तोच संपतात. त्यानंतर डबी छान तयार होते आणि तिला विचारणारं कुणी नसतं. पुन्हा सुरू करण्याचं अंतर १० सेकंद केलं की हा प्रश्न मिटतो. एका ओळीचं काम आहे, पण डॅक न उठण्याच्या कारणांत याचा नंबर बराच वर लागेल. लॅपटॉपवर टीएलपीसारखं बॅटरी वाचवणारं साधन असेल तर तेही पाहावं. ते निवांत यूएसबी उपकरणांना झोपवतं आणि काही डब्या त्या झोपेतून नीट उठत नाहीत. टीएलपीच्या वगळायच्या यादीत डबीचा क्रमांक घालावा.

आणि घड्याळ. रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर लाईट आल्यावर तो शेवटच्या जतन केलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. दोन तास लाईट नसेल तर नोंदी दोन तास मागे. तापमानाच्या कामात हे कदाचित खपेल. भरती-ओहोटीत नाही. दोन मीटर चढणारं पाणी सहा तासांच्या मधल्या टप्प्यात तासाला सुमारे अर्धा मीटर चढतं, तेव्हा तासाची चूक म्हणजे अर्ध्या मीटरची चूक. डीएस३२३१ चिपचं बॅटरीवालं छोटं मॉड्यूल पायच्या आयटूसी पिनांना जोडून बूटच्या कॉन्फिग फाईलमध्ये त्याची ओव्हरले, म्हणजे त्याची ओळख देणारी ओळ, लिहावी. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते.

एवढं झालं की तपासणीची पद्धत एकच: सेवा चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करायचं. शटडाऊनची कमांड द्यायची नाही. पाचेक मिनिटांनी बटण चालू करायचं, आणि फाईलमध्ये नव्या ओळी योग्य वेळेसह येतात का ते लांबूनच पाहायचं. मेमरी कार्डाची काळजी वाटत असेल तर ती इथेच वाटू द्यावी, पावसाळ्यात नको.

विजेच्या बाबतीत कर्नेलचा लॉग आणखी दोन गोष्टी सांगतो. पायला अपुरं व्होल्टेज मिळालं की ‘अंडर-व्होल्टेज’ अशी ओळ येते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ ॲम्पियरच मिळतो, म्हणून डबी, वायफाय डोंगल आणि हार्ड डिस्क एकत्र टांगू नयेत, स्वतःची वीज असलेला हब घ्यावा. दुसरी ओळ जास्त गमतीची. तळ्यावरचं एअरेटर किंवा विहिरीचा पंप सुरू झाला की डबी क्षणभर तुटते आणि कर्नेल लिहितं की हबने पोर्ट बंद केलं, कारण ‘ईएमआय’, आणि त्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह. म्हणजे कर्नेलचाही संशय मोटारीवरच. मोटारीची केबल आणि सेन्सरची तार एकाच पाइपातून नेली असेल तर ती आधी वेगळी करावी.

मोजमाप आणि मोटारी यांचं वैर किनाऱ्याला नवं नाही. मुंबईच्या ट्राम विजेवर धावायच्या ठरल्या, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं त्या प्रवाहाने बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा अंश टाळण्यासाठी तिला पोरबंदरचा दगड वापरला, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. जागा बदलायची तर काही काळ दोन्ही उपकरणं शेजारी चालवायची, ही पद्धत डबी बदलतानाही तितकीच उपयोगी पडते.

पंप हलवता येत नसेल तर यूएसबी आयसोलेटर लावावा. एडीयूएम४१६० या चिपचे आयसोलेटर सहज मिळतात. पण ते १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, त्यामुळे हाय-स्पीड डबीला त्यांचा उपयोग होईलच असं नाही. आधी डबीचा वेग पाहावा, लॉगमध्ये तो लिहिलेला असतो. जमिनीतून भलतीकडे फिरणारे प्रवाह आयसोलेटर तोडतो. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर तो वाचवेल या भ्रमात राहू नये. गडगडाट सुरू होण्याआधीच सेन्सरची तार काढून ठेवणं, हाच तिथला स्वस्त उपाय.

सगळं बसल्यावरही ड्रायव्हरवर खापर फुटतं ते आकडे विचित्र दिसतात म्हणून. काही जोडलेलं नसलेल्या चॅनलवर शेजारच्या चॅनलसारखा आकडा दिसतो. ते बरोबरच आहे. आत एकच कन्व्हर्टर आहे, तो चॅनलांवरून फिरतो आणि आधीच्या चॅनलचा उरलेला चार्ज मोकळ्या चॅनलवर दिसतो. मोकळे चॅनल ग्राउंडला जोडून टाकावेत. सेकंदाला एक नमुना मागितला आणि अर्धा मिनिट काहीच आलं नाही, मग एकदम तीसेक आकडे आले, तर तेही बिघाडाचं लक्षण नाही. डबी ६४ बाइटचं पाकीट भरेपर्यंत थांबते, आणि एक नमुना दोन बाइटचा. यूएलडॅकमध्ये ‘सिंगल-आयओ’ हा पर्याय दिला की प्रत्येक नमुना लगेच येतो.

अढीचं तापमान के-टाइप थर्मोकपलने मोजायला घेतलं आणि आकडा हलतच नसेल, तर हिशोब मांडावा. ते थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या १२-बिट डबीची एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. म्हणजे अढी शंभरेक अंशांनी तापल्याशिवाय आकडा एकाने बदलणार नाही. एलएम३५ लावला तर अंशाला १० मिलिव्होल्ट मिळतात. तरीही यूएसबी-१२०८एफएससारख्या डबीत सिंगल-एंडेड जोडणी (एक तार चॅनलला, दुसरी सामाईक ग्राउंडला) केली तर ११ बिट आणि फक्त १० व्होल्टची रेंज, म्हणजे एक पायरी जवळपास एका अंशाची. तोच सेन्सर डिफरन्शियल, म्हणजे दोन टर्मिनलांमधला फरक मोजेल असा, जोडून १ व्होल्टची रेंज निवडली की पायरी अंशाच्या विसाव्या भागाइतकी होते. चॅनल आठाऐवजी चारच उरतात, पण अढीला चार पुरतात: एक तळाशी, एक मधल्या थरात, एक वरच्या पेंढ्याखाली, आणि एक बाहेर खोलीत.